मानेकडचा की घोडीकडचा

नवशाला निर्णय घ्यायला सांगणं म्हणजे बोंबलाला ताठ उभं राहायला सांगणं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

आमची ओळख बारा वर्षांची. बोईसरच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत आहोत. तो पॅनेल इलेक्ट्रिशियन, मी स्टोअरमध्ये. कंपनीत हा माणूस वेगळाच असतो. समोर दीडशे वायरी लोंबत असल्या तरी त्याचा हात कुठे अडखळत नाही. लाल, पिवळी, निळी, स्क्रू आवळला, दार बंद, चला चहाला. पण गेटबाहेर पडला की त्याच माणसाला वडापाव घ्यावा की समोसापाव याचा उलगडा होत नाही. लग्नाच्या वेळी मुलगी बघून आल्यावर त्यानं चार महिने उत्तरच दिलं नाही. शेवटी हेमांगीनं आपल्या मामाकडून निरोप धाडला, "माझा होकार हाय, त्याचापन धरून चला." तेव्हापासून घर तिच्याच शब्दावर चाललंय आणि छान चाललंय.

गाव घिवली, घर मच्छीमाराचं. गावदेवीला नवस बोलून झालेला म्हणून नाव नवशा. देवीनं मुलगा दिला खरा, पण त्याला बोट लागते. बंदरातून होडी हलली न हलली तोच याचं पोट वर. म्हणून थोरला भाऊ नरहरी दर्यावर जातो आणि धाकटा शिफ्टच्या बसमध्ये खिडकीशी बसून कंपनीत येतो. उरलेल्या वेळात तो गिटार वाजवतो. आमची एक छोटी पार्टी आहे. तो गिटार, मी कीबोर्ड आणि ढोलताशाला दोघं. केळव्यापासून डहाणूपर्यंतच्या हळदी आणि पूजा आम्ही वाजवल्या आहेत. मी केळव्याचा, वाडीत वाढलेला. आमच्याकडे सुपारी पडली तरी ऐकू येते, त्यामुळे नवशाच्या आवाजाचा पहिला बळी मीच.

त्याची गिटार काळी, इलेक्ट्रिक, आणि तिला दोन हमबकर आहेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना सांगतो, कारण बारा वर्षं रोज ऐकून मलाही तो पाठ झालाय. तारांची थरथर पकडून ती वायरीत पाठवणारी जी डबी असते तिला पिकअप म्हणतात. साध्या पिकअपमध्ये तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असतं आणि ते आसपासच्या विजेची सगळी गुणगुण गोळा करून आणतं. हमबकरमध्ये दोन वेटोळी शेजारी शेजारी, पण उलटसुलट. एकानं आणलेली गुणगुण दुसरं खाऊन टाकतं. मांडवात जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि आइस्क्रीमवाल्याचा फ्रीज एकाच बोर्डाला लटकलेले असतात, तिथे याच्याशिवाय भागत नाही. नवशाच्या गिटारीला असे दोन. एक मानेजवळ, म्हणजे डावा हात फिरतो त्या बाजूला. दुसरा घोडीजवळ, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथे. मानेकडचा आवाज जाड, गोल, भरलेला. घोडीकडचा बारीक, धारेचा, गर्दीतून वाट काढत जाणारा. मध्ये एक खटका. वर केला की मानेकडचा, खाली केला की घोडीकडचा. हा खटका ज्यानं शोधला त्यानं नवशाची कुंडली बघून शोधला असावा. एका गाण्यात तो खटका अकरा वेळा बदललेला मी मोजलाय.

अडचण अशी की घिवलीत खारं वारं लोखंडाला सोडत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, फ्रीजचे पाय, सगळं खातं. खटकाही खाल्ला. आतल्या पत्र्या हिरव्या पडल्या आणि खटका हलवला की स्पीकरमधून तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखी चरचर यायला लागली. नवशानं तीन वेळा नवा खटका बसवला आणि तिन्ही वेळा वर्षभरात पुन्हा तेच झालं. तो कुरकुरत राहिला आणि आम्ही चरचर ऐकत राहिलो. एरवी हे असंच चाललं असतं, पण पूर्वीचं लग्न ठरलं.

पूर्वी म्हणजे नरहरीची मुलगी, नवशाची पुतणी. पालघरला एका लॅबमध्ये कामाला आहे. तिची आई पारू चार वर्षांपूर्वी गेली. पारूवहिनीला मी ओळखत होतो. नवशाच्या गिटारीला नावं न ठेवणारं त्या घरातलं ते एकमेव माणूस. अंगणात सुकी मच्छी निवडत बसायची आणि मान वर न करता सांगायची, "भावजी, तो जाडा लावा." नवशा मग तासभर जाडा लावायचा.

घिवलीत मांडव उभा राहिला की पहिला शब्द भटजींचा नसतो, धवलारणीचा असतो. धवले म्हणजे लग्नातली गाणी आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. या घरची धवलारीण हिराआत्या, नवशाच्या बापाची बहीण. वय शहात्तर, उंची साडेचार फूट, आवाज मात्र रांजणातून आल्यासारखा खोल. मांडवाच्या दिवशी ती एकेकाला हाक मारते. आधी गावदेवी, मग दर्या, मग घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. ती एक ओळ गाते आणि मागे बसलेल्या बाया तीच ओळ झेलतात. ज्याचं नाव मांडवात ऐकू गेलं तो माणूस जेवायला आला, अशी समजूत. ज्याचं गेलं नाही तो मेल्यावरही आपल्याच दाराबाहेर उभा.

पण अलीकडच्या लग्नांत बाहेर डीजेची जुळवाजुळव चालू असते आणि आत आत्या आपल्या पदराला गाऊन दाखवत असते. फेब्रुवारीतल्या एका लग्नात ती अर्ध्यात उठली आणि सरळ घरी गेली. "मांडवात बसलेल्यांना ऐकू येत नाय," ती म्हणाली, "तर मेलेल्यांना काय येनार? आता मी नाय गायची."

पूर्वी तिच्या पायाशी जाऊन बसली. "आजी, आईचं नाव कोन घेनार मं?"

आत्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आता दम पुरत नाय गं मला. पन तुज्यासाठी गाते. या वेलेलापन बुडलं, तर परत कुनाच्या मांडवात पाय नाय ठेवनार."

आणि आत्यानंतर ते धवले येणारं गावात कुणी नाही.

नवशा माझ्याबरोबर तिथेच उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका दमात निर्णय घेतला. "आत्या, साथ मी देतो. दुसरं कायच नाय वाजनार, नुसती गिटार. तू दम घेशील तवा मी सूर धरून ठेवीन." आत्यानं मान डोलावली. पूर्वीनं काकाचा हात धरला. घराबाहेर पडेपर्यंत नवशाचा चेहरा फुललेला होता, आणि बसस्टॉपवर येईपर्यंत तो मला विचारत होता, "धीरज, पन जाडा लावू का बारीक?"

मी म्हटलं, आत्याला बसव, एक धवला गाऊन घे, दोन्ही लावून बघ. सरळ होतं. पण आत्या तालमीचं नाव काढताच उसळली. "मांडव नाय, उंबराची डाल नाय, आन मेलेल्यांना हाका मारू? येऊन उबी रायली तर काय वाडशील त्यांना?" म्हणजे तो धवला लग्नाशिवाय गायचा नाही, आणि लग्नात एकदाच. नवशाला अंदाजानंच ठरवायचं होतं. बोंबलाची परीक्षाच.

त्यात खटका. ऐन धवल्यात चरचरला तर पूर्वीच्या आईच्या नावावर तव्याचा आवाज. ते होऊ द्यायचं नाही म्हणून नवशा सुकाकडे गेला. सुका बंदरावर होड्यांना फायबर मारतो. लाकडी होडीवर कापडाचा थर आणि त्यावर रेजिनचा चिकट रस, मग ती होडी दहा वर्षं पाणी पीत नाही. नवशाचं म्हणणं, होडीला जे चालतं ते गिटारीला का चालू नये? दीडशे वायरींचं पॅनेल जोडणारा हा इलेक्ट्रिशियन. पण शेवटी रक्त मच्छीमाराचं, गळती दिसली की हात फायबरकडेच जातो. सुकानं गिटार उलटी केली, मागचं झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, "करून देतो. पन एकदा वतला का मं खटका हलनार नाय. कुठं ठेवायचा त्ये घरून ठरवून ये."

लग्नाला पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस आमच्या कंपनीनं भोगले. नवशानं शिफ्टच्या बसमध्ये मत घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "भाई, जो ज़ोर से बजे वही रखो." कँटीनमध्ये मत घेतलं. त्या दिवशी डाळ करपलेली होती, त्यामुळे सगळ्यांचं मत डाळीबद्दल होतं. हेमांगी म्हणाली, "मला दोन्ही सारखेच वाटतात. संध्याकाळी काय रांदू त्ये ठरव आदी." तेही त्याला ठरवता आलं नाही. मी घोडीकडचा म्हटलं. का, तर गर्दीत तोच ऐकू येतो आणि मला ऐकू येणारी गिटार आवडते. नवशानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आत्याच्या तोंडावर हात ठेवायला सांगितलंय.

शेवटी त्यानं आत्यालाच विचारायचं ठरवलं. मी सोबत होतो. पडवीत त्यानं गिटारीचा स्पीकर, म्हणजे अँप, मांडला, आत्या उंबऱ्यावर बसली. त्यानं आधी मानेकडचा वाजवला, मग घोडीकडचा. आत्या डोळे मिटून ऐकत होती. "बारीक बरा," ती म्हणाली.

"नक्की?"

"सांगितलं ना. बारीकच लाव."

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण परत येताना नवशा खूश नव्हता. "धीरज, तुला आत्या म्हाईत नाय," तो म्हणाला. "ती कधी सोतासाठी काय घेत नाय. पापलेट आनलं का डोकं घेते, मदला तुकडा आमाला. म्हनते, मला डोकंच आवडतं. बारीक आवाज लोकांना ऐकू येतो म्हनून ती मला बारीक लाव म्हनते. माजं नाव व्हावं म्हनून. मी नाय घेनार तिचा तुकडा." मग म्हणाला, "आन वहिनीला जाडाच आवडायचा."

मलाही ते पटलं, हे कबूल करतो. एखादी म्हातारी आपल्याला हवं तेच सरळ सांगत असेल, अशी शंका आम्हा दोघांनाही आली नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी सुकानं रेजिन कालवलं. बंदरावर एका उपड्या होडीच्या बुडावर गिटार पालथी ठेवली होती. वास नाकात चढत होता. खटका वर, मानेकडे. सुका ओतणार तोच नवशाचा हात खटक्याकडे गेला. सुकानं तो चापट मारून बाजूला केला आणि ओतलं. अर्ध्या तासात ते दगडासारखं घट्ट झालं. नवशा मोठ्या माणसासारखा उभा होता. "मी मागं रायनार," तो म्हणाला. "आत्या पुडं." मी म्हटलं, "वा, संन्यासच घेतलास." तो हसला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मांडवाच्या दिवशी सकाळी दहाला उंबराची डहाळी बांधली गेली. पूर्वी हळदीच्या साडीत पाटावर बसली होती आणि मोबाईलकडे बघून मैत्रिणींबरोबर दात काढत होती. आत्याला माइक दिला होता. मागे सात-आठ बाया. बाजूला खुर्चीवर नवशा, त्याच्या मागे मी नुसताच. डीजेवाल्याला नरहरीनं सांगून ठेवलं होतं की धवला संपेपर्यंत एक बटणही दाबायचं नाही. नरहरी फार बोलत नाही, त्यामुळे त्याचं ऐकतात.

आत्यानं गावदेवीला हाक मारली. नवशानं साथ धरली. आणि मला पहिल्या ओळीतच कळलं की आपण गाढव आहोत.

आत्याचा आवाज खोल आणि भरलेला. मानेकडचा आवाजही खोल आणि भरलेला. दोघं एकाच दारातून आत शिरायला बघत होते आणि गिटारीचा अँप आत्याच्या माइकपेक्षा दांडगा होता. नवशा जितका हळुवार वाजवी तितका तो जाड सूर पसरे, आणि आत्याचे शब्द त्याच्या खाली जात. बारीक आवाज वरून गेला असता, आत्याला खालची जागा मोकळी राहिली असती. ती तेच सांगत होती. आपल्या गळ्याची जागा तिला शहात्तर वर्षांपासून माहीत होती, आणि आम्ही त्यात पापलेटचं डोकं शोधत बसलो.

मागच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. ओळ कुठली, हेच त्यांना कळेना, मग झेलणार काय? दुसऱ्या कडव्याला त्या गप्प झाल्या. मांडवाच्या कडेला बोलणं सुरू झालं. कुणीतरी खुर्च्या मोजायला लागलं. आत्या दर्याला हाक मारत होती आणि तिचा आवाज चढायला बघत होता. चढला नाही. मधेच दम तुटला. तिची नजर जमिनीवर गेली. फेब्रुवारीत उठायच्या आधी ती अशीच बसली होती, असं बाया मागाहून सांगत होत्या.

पूर्वीनं मोबाईल खाली ठेवला होता. ती आत्याच्या ओठांकडे बघत होती, जसं रुग्णालयात काचेपलीकडच्या माणसाकडे बघतात.

नवशाचा हात खटक्याकडे गेला. सवयीनं. दगड. त्यानं दाबला, पुन्हा दाबला. मला वाटलं, आता हा माझ्याकडे वळून विचारणार, काय करू? तो वळला नाही. त्याचं करंगळीचं बोट खाली सरकलं, आवाजाच्या बटणावर आलं आणि त्यानं ते शून्यावर फिरवलं. एका झटक्यात, पॅनेलचं दार लावल्यासारखं.

वाजवणं मात्र थांबवलं नाही. बोटं तशीच तारांवरून फिरत राहिली, मान डोलत राहिली, पाय ताल देत राहिला. मी मागे बसलो होतो म्हणून मला दिसलं. तारांची नुसती टिकटिक ऐकू येत होती, घड्याळाएवढी.

मांडवात एकदम पोकळी झाली आणि लोक बोलायचे थांबले. बोलणं झाकणारं काही उरलं नाही की माणसं आपोआप गप्प होतात. आत्यानं दम घेतला. त्या शांततेत तिची ओळ आली, रांजणातून यावी तशी, पूर्ण. मागच्या बायांनी ती झेलली. आत्याला दुसरा दम घ्यायला जागा मिळाली. मग नवशाच्या बापाचं नाव, आजीचं नाव, वादळात गेलेल्या दोन भावांची नावं. प्रत्येक नावाला बाया ओ दिल्यासारख्या उठून गात होत्या.

मग आत्यानं हाक मारली, "पारू गं."

बायांनी झेललं, पारू गं.

पूर्वी मोठ्यानं रडली. लपवलं नाही, तोंडावर हातही घेतला नाही. नरहरी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, तो दाराकडे बघायला लागला. मीही बघितलं. मला अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी मी बघितलं आणि दारात उभ्या असलेल्या लोकांनी जरा बाजूला सरून वाट केली.

जेवणं उरकली तेव्हा आत्या पडवीत पाय पसरून बसली होती. नवशा तिच्या समोर उकिडवा. मी पान लावत होतो. त्याला कबुली द्यायची होती आणि नेहमीप्रमाणे कुठून सुरुवात करावी ते ठरत नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, "गिटार वाजली नाय. मीच बंद केली होती, दर्याच्या कडव्यापासून."

"म्हाईत हाय. माजे कान गेले नाय अजून."

"मी नुसती बोटं हलवत होतो. तुला वाटू नये, एकटीला सोडलं म्हनून."

आत्यानं त्याचा डावा हात ओढून मांडीवर घेतला. बोटांच्या टोकांना तारांचे वळ होते. तिनं ते अंगठ्यानं चोळले.

"येड्या," ती म्हणाली, "मी बोटांकडंच बगून गायली. ती थांबली असती तर मी पारूपरेंत पोचलीच नसती."